तो 'कंटाळवाणा भाग' कापायला कुणी सांगितलं होतं?

सकाळी फोन हातात घेतला तर एका ग्रुपवर क्लिप येऊन पडली होती. कालच्या कार्यक्रमाची. ब्राम्स या जर्मन संगीतकाराचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि अख्खा ऑर्केस्ट्रा यांची रचना. त्यातला दुसरा भाग. खाली ओळ: "सुरुवातीचा कंटाळवाणा भाग कापलाय, थेट व्हायोलिनपासून ऐका." त्याखाली अंगठे आणि बदाम यांची रांग. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

कापलं काय, तर ओबो, ते सनईच्या जातीचं फुंकवाद्य. त्या अख्ख्या संध्याकाळीतली सगळ्यात सुंदर दोन मिनिटं.

काल जे तिथे होते त्यांना सांगायची गरज नाही. दुसरा भाग सुरू होतो तेव्हा तंतुवाद्यांचा सगळा ताफा गप्प असतो. बासून आणि हॉर्न ही फुंकवाद्यं हलकेच सूर धरतात आणि त्यावर ओबो ती लांबलचक सुरावट उलगडत नेतो. जिच्यासाठी सगळे आलेले असतात ती व्हायोलिनवादक काहीही न करता उभी असते. मी काल पूर्ण वेळ तिच्याकडेच बघत होते. व्हायोलिन काखेत, बो (वाजवायचा गज) खाली सोडलेला, अर्धी मान मागे ओबोकडे वळलेली. डोळे मिटलेले नव्हते, ती चक्क बघत होती. ओबोवाल्याने एक ओळ संपवून श्वास घेतला, तेव्हा तिनेही घेतला. हे मला तिसऱ्या रांगेतून दिसलं.

आणि ओबोचा श्वास ही काय चीज आहे हे ठाऊक आहे का कापणाऱ्याला? ओबोच्या त्या दुहेरी पत्तीतून हवा जाते अगदी थोडी. त्यामुळे वादकाची हवा संपत नाही, उलट आत साठून राहते. ओळ संपली की आधी ती शिळी हवा बाहेर टाकायची, मग नवी घ्यायची, आणि तेही ऐकणाऱ्याला न कळता. पत्तीसुद्धा बरेचजण स्वतःच तासून बनवतात. काल त्या माणसाचे गाल लाल झाले होते आणि सुरात तसूभर थरथर नव्हती. याला कंटाळवाणा भाग म्हणतात!

हा वाद नवा नाही म्हणा. सारासाते केवढा मोठा व्हायोलिनवादक. त्याच्याबद्दल सांगतात की त्याने हा कॉन्चेर्टो वाजवायला नकार दिला होता. का, तर या भागातली एकमेव खरी सुरावट ओबो वाजवणार आणि आपण व्हायोलिन हातात धरून ऐकत उभं राहायचं, हे त्याला पटेना. खरंखोटं देव जाणे, पण मला तो किस्सा कधीच गमतीदार वाटला नाही. वाईट वाटतं. हातात एवढी कला आणि दोन मिनिटं दुसऱ्याचं ऐकवत नाही?

काल ती ऐकत होती. म्हणून तिचा पहिला सूर तसा आला. ओबो जिथे सोडतो तिथून व्हायोलिन ती सुरावट उचलतं, पण जशीच्या तशी परत वाजवत नाही, तिच्याभोवती वेल चढवत नेतं. ओबो ऐकलाच नसेल तर ही वेल कशावर चढली हे कळणार कसं? क्लिपमध्ये तेच झालंय. व्हायोलिन गोड वाजतंय, बस्स. गोड तर काय, मोबाईलची रिंगटोनही असते.

बरं, कबूल करते, क्लिप टाकणाऱ्याचा हेतू वाईट नसेल. ज्यांना येता आलं नाही त्यांना दोन घटका आनंद मिळाला असेल. आणि हो, पहिल्या भागात व्हायोलिन यायच्या आधी ऑर्केस्ट्रा चांगली अडीच मिनिटं एकटाच वाजतो, नवख्या माणसाची चुळबुळ होते. समजू शकते.

पण माझ्या पुढच्या रांगेतला गृहस्थ नवखा नव्हता. मध्यंतरात तो शेजाऱ्याला कुठली रेकॉर्डिंग श्रेष्ठ यावर व्याख्यान देत होता. ओबो सुरू झाला आणि त्याने फोन काढला. मेल वाचत होता! त्या पांढऱ्या उजेडात माझ्या निम्म्या रांगेचे चेहरे दिसत होते. व्हायोलिन सुरू झालं तसा फोन खिशात आणि मान डुलायला लागली. म्हणजे दोष अज्ञानाचा नाही. स्टेजवरच्या साठ-सत्तर माणसांना पडदा समजायची सवय लागलीये आपल्याला. पुढे जी उभी आहे तीच खरी, बाकीचे मागचं चित्र.

कंडक्टरचंही तेच. "तो नुसते हात हलवतो" हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर द्यायचाही वीट आलाय. तरी देते. पहिल्या भागाच्या शेवटाकडे कडेन्झा येते, व्हायोलिन एकटं. ब्राम्सने ती लिहिलीच नाही, आपला व्हायोलिनवादक मित्र योआखिम याच्यावर सोपवली. 1 जानेवारी 1879 ला लाइपझिगमध्ये पहिल्यांदा हा कॉन्चेर्टो झाला तेव्हा वाजवायला योआखिम आणि कंडक्टर म्हणून खुद्द ब्राम्स. तर काल कडेन्झाभर कंडक्टर हात खाली घेऊन उभा होता. मान डावीकडे, नजर तिच्या उजव्या मनगटावर. ती ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची भराभर थरथर, लांबवत होती, किती लांबवणार हे तिचं तिलाच माहीत. आणि ज्या क्षणी ट्रिल सुटली त्या क्षणी कंडक्टरचा हात जेमतेम वीतभर उचलला गेला आणि अख्खा ऑर्केस्ट्रा तिच्याखाली आला, इतका हळू की ती उंचावरची सुरावट तरंगत राहिली. एक क्षण लवकर आला असता तर तिला धक्का, उशिरा आला असता तर खड्डा. नुसते हात हलवून दाखवा हे.

लिहिता लिहिता राग जरा निवळला. खरं तर त्या ओबोवाल्याबद्दलच लिहायचं होतं. पोस्टरवर त्याचं नाव नाही. कार्यक्रमपत्रिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, इतर नावांच्या गर्दीत. पण टाळ्या सुरू झाल्यावर कंडक्टरने सगळ्यात आधी त्यालाच उभं केलं, आणि ती व्हायोलिनवादक बो खांद्याशी धरून त्याच्याकडे वळून टाळ्या वाजवायला लागली. तो गोंधळून पुन्हा खाली बसायला निघाला होता. शेजारच्या फ्लूटवालीने त्याला कोपराने ढोसलं.

स्वतः ब्राम्सने या दुसऱ्या भागाचं फार कौतुक केलं नव्हतं, हेही सांगून टाकते. आधी चार भागांचा बेत होता. मधले दोन त्याने काढून टाकले आणि योआखिमला कळवलं की त्यांच्या जागी एक दुबळा अडाजिओ, म्हणजे संथ लयीचा भाग, लिहितोय. दुबळा म्हणे! कापायचाच असता तर त्याने कापला असता की. त्याने ओबोला दिला.

ज्यांनी सकाळी त्या क्लिपवर बदाम टाकलेत त्यांच्यावर माझा राग नाही. तुम्हाला मिळालं तेच ऐकलंत. व्हायोलिनवादक डेव्हिड ऑइस्त्राखने कंडक्टर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्राबरोबर 1969 मध्ये केलेलं रेकॉर्डिंग शोधा. दुसरा भाग पहिल्या सुरापासून लावा, नऊ-दहा मिनिटांचं काम आहे. आणि व्हायोलिन अजून का येत नाही म्हणून पुढे सरकवू नका. ऑइस्त्राखसुद्धा थांबलाय तिथे.