लसाविला कुणी वाली नाही

सोमवारी सकाळी साडेदहाच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवतो. नेटवर्कचं कारण सांगतो, खरं कारण चेहऱ्यावर ताबा राहत नाही हे आहे. गणितात एम.एस्सी. करून आयटीत शिरलेल्या माणसाने सोसण्यालाही काही सीमा असते. पण सीमेची व्याख्या सांगायची तिथे सोय नाही.

परवा मॅनेजर म्हणाले, "अवर युजर्स आर ग्रोइंग एक्स्पोनेन्शियली!" स्लाइडवर खांब होते दोन, मार्च आणि एप्रिल. दोन बिंदूंमधून सरळ रेषा जाते, पॅराबोला जातो, आणि हवी तर आमच्या सोसायटीतल्या मांजराची वाटही जाते. मी चॅटमध्ये लिहिलं, 'मे बघून ठरवू या का?' त्यावर तीन अंगठे आले. अंगठे कशाला होते, कळलं नाही.

मग अमेरिकेतले क्लायंट बोलायला लागले. ॲप सगळ्यांना आवडावं म्हणून 'लोएस्ट कॉमन डिनॉमिनेटर'पर्यंत खाली उतरू नका म्हणे. खाली? शाळेत छेदांचा लसावि काढताना आपण कधी खाली उतरलो होतो? १/४ आणि १/६ ची बेरीज करायची तर छेद घ्यायचा १२. चारपेक्षा मोठा, सहापेक्षाही मोठा. तो बिचारा 'लोएस्ट' आहे तो १२, २४, ३६ या आपल्या भावंडांत. या लोकांना म्हणायचं असतं ते सगळ्यांकडे सापडणारं थोडकंसं काहीतरी, म्हणजे ४ आणि ६ मधला २. तो मसावि. आणि त्याच्या इंग्रजी नावात नेमका 'ग्रेटेस्ट' आहे! हलक्या आवडीनिवडीला नावं ठेवताना 'ग्रेटेस्ट' कोण म्हणणार? त्यामुळे शिव्या लसाविने खायच्या.

'ऑर्थोगोनल'बद्दल मात्र माझी तक्रार नाही. 'हे मुद्द्याला ऑर्थोगोनल आहे' म्हणजे याचा त्याच्याशी संबंध नाही. काटकोनातल्या दोन रस्त्यांपैकी एकावर कितीही चाला, दुसऱ्याच्या दिशेने तसूभर पुढे जात नाही. उपमा चोख आहे. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात 'ब्रिस्को विरुद्ध व्हर्जिनिया'च्या सुनावणीत युक्तिवाद करणाऱ्या प्राध्यापकांनी हा शब्द वापरला, तेव्हा सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यांना थांबवून, काय म्हणालात, असं विचारलं. प्राध्यापकांनी भर कोर्टात काटकोन समजावला. न्यायमूर्ती स्कालियांना तर शब्द इतका आवडला की निकालपत्रात तो वापरायला हवा म्हणाले. हा किस्सा मी मीटिंगमध्ये अगदी रंगवून सांगितला.

"व्हेरी इंटरेस्टिंग," मॅनेजर म्हणाले, "पण जरा ऑर्थोगोनल होतंय."

घरी येऊन बायकोपुढे गाऱ्हाणं मांडलं. ती मेथी निवडत होती. "आता म्हणे प्रत्येकाने एकशे दहा टक्के द्यायचे! शंभराच्या वरचे दहा आणायचे कुठून?"

ती मान वर न करता म्हणाली, "मी तुला लग्नापासून दीडशहाणा म्हणते. ते किती टक्के झाले?"

दीडशे. मी गप्प बसायला हवं होतं. पण म्हटलं, आपल्या मराठीतल्या आकड्यांना निदान काही अर्थ असतो. छत्तीसचा आकडा घे. ३ आणि ६ खरोखरच एकमेकांकडे पाठ करून बसलेत, डोळ्यांना दिसतं.

"मग ही अर्धी जुडी निवड, नाहीतर आजच दिसेल."

शुक्रवारी पगारवाढीचं पत्र आलं. ४ टक्के. गेल्या वर्षी ४, त्याच्या आदल्या वर्षीही ४. तावातावाने एचआरकडे गेलो. तिथली मुलगी गोड हसली. "सर, असं काय करता? तुमची ग्रोथ एक्स्पोनेन्शियल आहे."

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दर वर्षी, आधीच्या पगारावर, तेवढेच टक्के. घातांकी वाढ म्हणतात ती हीच. या वेगाने पगार दुप्पट व्हायला १८ वर्षं लागतील आणि तोवर मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असतील, हा भाग वेगळा. पण शब्द बरोबर होता. एवढ्या वर्षांत त्या इमारतीत पहिल्यांदाच कुणीतरी तो बरोबर वापरला होता.

मी थँक यू म्हणून बाहेर आलो.