‘धावता न येणारा’ कूमन: एका प्रतिक्रियेला उत्तर

डच फुटबॉलपटू आणि नंतर कोच झालेल्या रोनाल्ड कूमनवरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: "धावता न येणारा बचावपटू, पेनल्ट्या मारून मोठा झाला. कोच म्हणून तर जागोजागी हाकलला गेला. लेखकाने सामने पाहिलेत की नुसते आकडे गोळा केलेत?"

आधी माझी चूक. १९९३-९४ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक ८ गोल ‘एकट्या’ कूमनचे, असं मी लिहिलं होतं. वेर्डर ब्रेमेनच्या विंटन रूफरचेही ८ होते. दुरुस्ती केली आहे.

पण "सामने पाहिलेत की" ही काय बोलायची रीत झाली? मुद्दा खोडा ना, लायकी कशाला काढता? तीस वर्षांहून जास्त काळ मी डच फुटबॉल पाहतोय. हा प्रश्न निदान मला तरी विचारू नका.

आता ‘धावता न येणारा’. वेग नव्हताच त्याच्याकडे. तरी बार्सिलोनाचा कोच क्रायफने ३-४-३ मध्ये (मागे तीन, मध्ये चार, पुढे तीन खेळाडू) त्याला मागच्या तिघांच्या मधोमध उभं केलं, कारण त्याचं खरं काम चेंडू मिळाल्यावर सुरू व्हायचं. मान वर, एक स्पर्श, आणि चाळीसेक मीटरचा तिरपा पास थेट विंगरच्या, म्हणजे कडेने धावणाऱ्या आक्रमकाच्या, पायात. समोरच्यांची अख्खी मधली फळी त्या एका पासने बाद. धावायला शेजारी बचावात फेररसारखा चपळ गडी होता.

ही रचना कोसळते ती आपले पुढचे खेळाडू समोरच्या संघातल्या चेंडूवाल्याला घेरत नाहीत तेव्हा. त्याला मान वर करायला सवड मिळते, चेंडू बचावाच्या डोक्यावरून मागे पडतो आणि शर्यत लागते. शर्यत लागली की कूमन हरणार. पण दोष ती लागू देणाऱ्यांचा!

आणि ‘पेनल्ट्या’? २० मे १९९२, वेम्बली, युरोपियन कपची (आजची चॅम्पियन्स लीग) फायनल, बार्सिलोनाची सॅम्पडोरियाविरुद्ध अतिरिक्त वेळेतली फ्री किक. स्टोइचकोव्हने चेंडू हळूच सरकवला, बाकेरोने पायाखाली थांबवला, भिंतीतले खेळाडू अंगावर धावून आले, आणि कूमनचा उजव्या पायाचा फटका गोलकीपर पाग्लिउका झेपावूनही जाळ्यात. बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप तो.

कोचिंगबद्दल फार लिहीत नाही. व्हॅलेन्सिया, एव्हर्टन, बार्सिलोना या क्लबांनी काढलं, मान्य. व्हॅलेन्सियाला २००८ चा कोपा देल रे हा स्पेनचा कप त्यानेच जिंकून दिला होता. २००७ मध्ये डच लीगच्या शेवटच्या दिवशी पीएसव्हीने व्हिटेसला ५-१ हरवलं आणि गुण बरोबरीत असताना आयाक्सपेक्षा गोलफरकात फक्त एका गोलाच्या सरशीने लीग नेली. त्या पीएसव्हीचा कोच कोण होता, तेवढं पुढच्या प्रतिक्रियेत लिहा.