वारसा त्यांचा, गुडघे माझे

भाचा कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सला राहतो. छोटंसं गाव, चार दिवस आराम होईल म्हणून गेलो. पण माउंटन बाइक आपल्याच डोंगरात जन्मली, असं तिथलं शेंबडं पोरही सांगतं. शिवाय या वारशाचं चित्र भिंतीवर काढावं की चौकात शिल्प उभारावं, यावर भाच्याच्या मित्रांचा काथ्याकूट चालू. पाहुण्याला मत विचारलं. मी 'छान' म्हणालो. मत देण्याआधी अनुभव हवा, म्हणून सकाळी मला सायकलवर बसवून चढाला लावलं.

वाटेत इतिहास फुकट. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी इथल्या कच्च्या वाटेवर पोरांनी डोंगर उतरायची शर्यत लावली. सायकली भंगारात शोभतील अशा, बऱ्याचशा तीस-चाळीसच्या दशकांतल्या, श्विन कंपनीच्या. साधारण तीन किलोमीटरांत चारशे मीटर उतार! ब्रेक मागच्या चाकाच्या मधल्या भागात, म्हणजे हबमध्ये, पायडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब खोलून नवं ग्रीस भरायचं, म्हणून शर्यतीचं नाव 'रिपॅक'.

"आणि वर कसे जायचे रे?" मी धापा टाकत विचारलं.

"बहुतेकदा पिकअप ट्रकमध्ये सायकली टाकून."

मी सायकलवरून उतरलो. ज्या महापुरुषांच्या सायकली गावातल्या संग्रहालयात मानानं ठेवल्यात, ते ट्रकमधून वर गेले?

"मामा, त्या वीसेक किलोच्या धुडांना गिअर नव्हते. त्याच पोरांपैकी गॅरी फिशरनं गिअर बसवले, १९७७ मध्ये जो ब्रीझ नावाच्या दुसऱ्यानं डोंगरासाठी खास फ्रेम बनवली. म्हणून तर आता तुला चढवता येतंय!"

म्हणजे माझ्या हालांना जबाबदार ते गिअर. ते नसते तर आज मीही परंपरेला धरून ट्रकमध्ये बसलो असतो. (गाडी भाच्याच्या दारातच उभी होती, हे विशेष.)

संध्याकाळी मित्रमंडळींनी कच्चं चित्र दाखवलं. हवेत उडालेली सायकल, मागे धुळीचा लोट, स्वाराचे दात दिसताहेत. माझ्या मते शिल्प सायकल ढकलत चढणाऱ्या माणसाचं हवं. डोंगरावर तशीच माणसं जास्त असतात.

"ते कोण बघणार, मामा?"

न बघेनात! नमुना म्हणून मी हवे तितके तास द्यायला तयार आहे. तेवढा वेळ एका जागी उभं तरी राहता येईल.