हजार पेरा, लाख कापा म्हणे!

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर बायबलमधलं वचन, मार्क १०:३०, खाली क्यूआर कोड. मजकूर असा: हजार रुपये ‘बी’ म्हणून पेरा, देव शंभरपट देईल, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, देणाऱ्याच्या घरी कर्ज टिकत नाही, गरिबी हा शाप, आणि ती हटत नसेल तर विश्वासच कमी. गल्लीतल्या एका विधवा मावशींनी बचत गटाच्या कर्जातले पाच हजार त्यावर धाडले. आता हप्त्याची तारीख आली की त्या पाठवणाऱ्याला जाब विचारत नाहीत, स्वतःचाच विश्वास तपासत बसतात.

आधी ते शंभरपट. वचन अख्खं वाचा. माझ्यासाठी आणि सुवार्तेसाठी ज्याने घर, भावंडं, आईबाप, शेतं सोडली त्याला ती शंभरपट मिळतील, असं येशू म्हणतो. त्या यादीत ‘आया’ही आहेत. शंभर आया कुठल्या खात्यात जमा होतात? घरच्यांनी टाकलेल्याला मंडळीतली प्रत्येक म्हातारी आई होते, प्रत्येक दार आपलं होतं, असा तो हिशेब. १८९५ साली बाप्तिस्मा घेऊन नातलगांना दुरावलेल्या कवी नारायण वामन टिळकांच्या पिढीला हे समजावून सांगायची गरज पडली नसेल. शिवाय त्याच वचनात ‘छळणूक’ हा शब्द आहे. मेसेजवाल्याने तेवढाच नेमका गाळलाय. आणि जरा वर, त्याच अध्यायात, येशू एका श्रीमंताला सगळं विकून गोरगरिबांना द्यायला सांगतो. माझ्याकडे आणून दे, असं म्हणत नाही.

दशांशासाठी जुन्या करारातलं मलाखी ३:१० पुढे करतात. आशीर्वादाचं वचन तिथे आहे, नाकारत नाही. पण ते साऱ्या इस्राएल राष्ट्राला दिलेलं, पिकापाण्याबद्दलचं. ‘भांडार’ म्हणजे मंदिराची खरीखुरी कोठारं. त्यात धान्य, द्राक्षारस, तेल यायचं, कारण मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांना वाट्याची जमीन नव्हती. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा १४ वा अध्याय तर सांगतो की दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवा. लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे शास्त्राप्रमाणे मावशी घेणाऱ्यांच्या रांगेत होत्या. आपण त्यांना देणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं.

मंदिरात दोन टोल्या, म्हणजे जवळ होती तेवढी चिल्लर, टाकणाऱ्या गरीब विधवेचा दाखलाही मेसेजमध्ये आहेच. त्याच्या लगेच आधी येशू कोणापासून सावध राहायला सांगतो? विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून. (मार्क १२. जागा सांगून ठेवतो, कारण प्रवचनात हा भाग हटकून सुटतो.)

‘पेरणी’ हा शब्द प्रेषित पौलाचाच, त्याच्या पत्रातला (२ करिंथ ९), हेही खरं. पण ती वर्गणी यरुशलेमेतल्या गरिबांसाठी होती, आणि पीक यायचं ते पुन्हा देता यावं म्हणून. मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात असूनही त्यांनी दिलं, म्हणून पौल त्यांची वाखाणणी करतो. तुमच्या गरिबीला शाप लागलाय असं सुनावत नाही. उलट एवढी मोठी रक्कम हाताळताना आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोघांना धाडतो. तुमच्या क्यूआर कोडमागचं खातं कोणाचं आहे, दादा?

ही ‘बीजविश्वासा’ची कल्पना गेल्या शतकात अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स या प्रवचनकाराने लोकप्रिय केली. देवावर भरवसा शिकायला इतक्या लांब कशाला जायचं? पंडिता रमाबाईंच्या आश्रमाचं केडगाव जवळ आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. रमाबाई प्रार्थना करायच्या, आणि विहिरीही खणून घ्यायच्या.

मावशींचा हप्ता १० तारखेला आहे. तो मंडळीच्या अर्पणातून भरावा, असं मी रविवारी कमिटीपुढे मांडणार आहे. अनुवाद १४ सोबत नेतोय.