‘परमिट-बिरमिट काही लागत नाही’ म्हणे!

रविवारी सकाळी अमेरिकेतल्या मिशिगनहून मामेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन. लाकडाच्या दुकानात उभा होता. “अगं, चार बाय चार इंचांचे किती खांब पुरतील?” कशाला, तर मे महिन्यात मामा-मामी येतायत, मामांना संध्याकाळी बाहेर बसायची सवय, म्हणून घराला लागून डेक, म्हणजे उघडा लाकडी ओटा, आणि वर छप्पर. परमिट काढलंस का, विचारलं. “ते लागत नाही. ग्रुपवर आलंय, वाच.”

ते मलाही तीन जणांनी पाठवलं होतं आणि मी न वाचता सोडून दिलं होतं. चूक झाली. मजकूर थोडक्यात असा: मॅन्युफॅक्चर्ड होम (कारखान्यात बांधून आणलेलं घर, दादाचं असंच आहे) केंद्र सरकारच्या कोडखाली, म्हणजे बांधकाम-नियमावलीखाली, येतं, त्यामुळे गावच्या इन्स्पेक्टरचा संबंध नाही. डेक ‘फ्रीस्टँडिंग’, म्हणजे घराला न जोडलेला, असला की परमिट लागत नाही. खड्डे खणू नका, काँक्रीटचे तयार ठोकळे मातीवर ठेवा. छपराचे वासे एका बाजूने घराच्या भिंतीला स्क्रूने टेकवा, खांबांचा खर्च निम्मा होतो. आणि डेकखालची जागा पत्र्याने पूर्ण बंद करा, प्राणी शिरत नाहीत. शेवटी ‘अनुभवाचे बोल’ आणि जोडलेले हात.

चौथा, वासे भिंतीला टेकवायचा मुद्दा आधी घेते, कारण बाकीचे बहुधा दंडावर निभावतील, हा घरावर बेतणारा आहे.

वर फ्रीस्टँडिंग म्हणायचं आणि दोन ओळींनी भिंतीला टेकवायचं! हे वाचून कोणालाच काही खटकलं नाही, कारण आपल्या डोक्यात पडवी असते. कोकणातल्या घराची पडवी भिंतीला टेकूनच असते. पण ती भिंत चिऱ्याची, जोत्यावर उभी असलेली. दादाचं घर कारखान्यात पोलादी चासिसवर बांधलं गेलं आणि चाकांवर रस्त्याने आलं. खाली लांबीभर दोन तुळया, त्यांना ठोकळ्यांच्या थप्प्यांचा आधार. बाहेरची भिंत त्या तुळयांवर नाहीच, ती आहे तुळयांच्या बाहेर झुकलेल्या तळाच्या कडेवर. सज्जाच्या टोकाला भिंत बांधावी तशी.

आता दहा बाय वीस फुटांचं छप्पर घ्या. बर्फाचं वजन चौरस फुटाला नुसतं २० पौंड धरलं तरी ४,००० पौंड होतात. त्यातले निम्मे, म्हणजे नऊशेक किलो, त्या कडेवर. कड दबते, चौकटी तिरप्या होतात, खिडक्या अडकतात, आणि स्क्रूच्या भोकांतून भिंतीत पाणी मुरतं ते वेगळंच. वादळात याच्या उलट. तिन्ही बाजूंनी उघड्या छपराखाली वारा शिरला की ते छत्रीसारखं वर उचललं जातं, आणि स्क्रू घट्ट असतील तर भिंतीला सोबत घेऊन जाऊ पाहतं.

हे माझ्या मनाचं नाही. मॅन्युफॅक्चर्ड होम जागेवर बसवण्याचे केंद्राचेच नियम आहेत, फेडरल रेग्युलेशन्सच्या २४व्या टायटलमधला भाग ३२८५. त्यातलं कलम ९०३ उघडा. घराच्या इन्स्टॉलेशन पुस्तिकेत काय असावं ते सांगताना तिथे म्हटलंय की शेजारच्या बांधकामाने स्वतःचा सगळा भार स्वतःच पेलावा. डेक, पोर्च, कारपोर्ट, गॅरेज घराला जोडायचंच असेल, तर ते त्या पुस्तिकेत बसणारं हवं किंवा नोंदणीकृत इंजिनिअरने वा आर्किटेक्टने डिझाइन केलेलं हवं. ग्रुपवरचे काका यातले कोणी नाहीत.

त्याच कलमात स्थानिक कार्यालयाची परमिटं घ्या, बदल करण्याआधी त्यांना विचारा, असंही आहे. म्हणजे पहिला मुद्दाही तिथेच संपला. १५ जून १९७६ पासून लागू असलेला हडचा (केंद्राच्या गृहनिर्माण खात्याचा) कोड कारखान्यातून आलेल्या घराचा आहे. त्याच्या शेजारी तुम्ही रविवारी ठोकलेल्या फळ्यांचा नाही.

दुसऱ्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. बहुतेक राज्यं ज्याच्यावरून आपले नियम बेततात त्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये डेकला परमिटमधून सूट आहे. पण अटी चार, आणि चारही एकदम पाळायच्या: २०० चौरस फुटांपेक्षा मोठा नको, जमिनीपासून कुठेही ३० इंचांहून उंच नको, घराला जोडलेला नको, आणि बाहेर पडण्याच्या आवश्यक दारासमोर नको. फॉरवर्डमध्ये फक्त तिसरी आली. दादाचा उंबरठा ३४ इंचांवर, डेक मुख्य दारासमोर. शिवाय ही सूट डेकची आहे, त्यावरच्या छपराची नाही. आणि परमिट माफ झालं तरी बाकीचा कोड माफ होत नाही, हेही तिथेच लिहिलंय. (३० इंचांच्या वर गेलात की कठडा आला, निदान ३६ इंच उंच. मामी कठड्याला टेकून फोनवर बोलणार, हे कोडला माहीत नसलं तरी मला माहीत आहे.)

ठोकळ्यांचंही तसंच. घराच्या आधारावर नसलेल्या डेकचा पाया गोठणरेषेच्या (हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्या खोलीच्या) खाली नेलाच पाहिजे असं तो मॉडेल कोड म्हणत नाही. पण मिशिगनमध्ये ही रेषा ४२ इंचांवर धरतात. हिवाळ्यात माती फुगली की ठोकळे वर येतात, प्रत्येक ठोकळा आपापल्या मर्जीने. यातल्या बऱ्याच घरांची दारं बाहेर उघडतात, दादाचंही. जानेवारीत डेक दोन इंच वर आला आणि दार त्यावर अडलं, की बाहेर पडायची वाट बंद. आणि छप्पर उचलू पाहणाऱ्या वाऱ्याला नुसता ठेवलेला ठोकळा कसा धरून ठेवणार?

पत्र्याचं एका वाक्यात: घराच्या स्कर्टिंगमधल्या, म्हणजे तळाभोवतीच्या आवरणातल्या, हवेच्या जाळ्या आणि खाली शिरायचं दार बुजवलंत, तर ओल तळात धरते आणि पाइप फुटला की प्लंबरला डेक तोडावा लागतो.

दादाला म्हटलं, पडवी विसर, मांडव घाल. घराच्या बाजूलाही स्वतंत्र खांब, सहा बाय सहा इंचांचे, तिरपे टेकू देऊन, कारण घराचा आधार नसलेला मांडव आडवा डुलतो. घर आणि मांडव यांत बोटभर फट. खणण्याआधी ८११ या नंबरला फोन, जमिनीखालून गॅसची लाइन कुठून गेलीय ते फुकट खुणा करून देतात. तो सोमवारी टाऊनशिपच्या ऑफिसात गेला. मामा येईपर्यंत छप्पर होईल असं दिसत नाही, अंगणात दोन खुर्च्या टाकाव्या लागतील.

ग्रुपवर हे सगळं टाकल्यावर पहिलं उत्तर आलं: “आमच्या ओळखीत एकाने असंच बांधलंय, पाच वर्षं काही झालं नाही.” त्यांच्या दाराच्या चौकटीला लेव्हल लावून फोटो पाठवा म्हटलंय. अजून आलेला नाही.