‘हे तुमचे अकरावीत झाले आहे’

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता ते कानावर पडताच डोके तापते. नाही झाले! आमच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीचे वर्ष फक्त हजेरीपटावर पार पडले आणि क्लासने थेट बारावीचे पुस्तक हाती दिले, कारण अभियांत्रिकी प्रवेशाच्या सीईटीत अकरावीचा भार सुमारे २० टक्केच असतो, म्हणजे भौतिकशास्त्राच्या ५० गुणांतले दहाएक गुण सोडून देणे त्यांच्या हिशेबात बसत होते. सदिश, न्यूटनचे नियम, घर्षण, सगळे त्या सोडलेल्या दहा गुणांत गेले. प्रात्यक्षिकाचे म्हणाल, तर विद्युतरोध मोजायच्या मीटर ब्रिजच्या तारेला हातही न लावता, जुन्या जर्नलमधली निरीक्षणे उतरवून, मला ३० पैकी २८ गुण मिळाले. ते गुण देताना कोणालाच काही वाटले नाही, याची मला आज चीड येते.

इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या तासाला सरांनी गुळगुळीत भिंतीला टेकलेली शिडी काढली, फ्री बॉडी डायग्राममध्ये, म्हणजे वस्तूवरची सगळी बले दाखवणाऱ्या आकृतीत, भराभर बाण दाखवले आणि पाच मिनिटांत उत्तर काढून फळा पुसला. जमिनीवरचे घर्षण भिंतीच्या दिशेनेच का, असे मी उभे राहून विचारले, तेव्हा तेच वाक्य ऐकायला मिळाले आणि वर ‘पाया कच्चा आहे तुमचा’ हा शेराही. शिडीचा पाय भिंतीपासून दूर सरकू पाहतो, म्हणून घर्षण त्याला उलट, भिंतीकडे अडवून धरते, एवढेच सांगायचे होते. त्याला अर्धे मिनिटही लागले नसते. दहावीपर्यंत मी त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द मराठीतून शिकलो, त्यामुळे फळ्यावरचा ‘मोमेंटम’ म्हणजे संवेग आणि त्याच्या शेजारचा ‘मोमेंट’ म्हणजे बलाचा फिरवण्याचा परिणाम, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायलाच मला महिना लागला.

सुरुवातीचे दोन आठवडे तरी अकरावीची उजळणी घ्या, अशी विनंती आम्ही काही जणांनी केली होती. पोर्शन संपवायचा आहे, असे उत्तर मिळाले. पोर्शन वेळेत संपला आणि माझा विषय राहिला. आता रात्री वसतिगृहात अकरावीचे पुस्तक उघडून मी एकटाच बसतो. ते शिकवण्यासाठी घेतलेली फी माझ्या वडिलांनी भरली होती. केटीची, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेची, फीही तेच भरणार आहेत.