1978 च्या बंदीनंतरही जुन्या घरांची तपासणी का लागते?

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: अमेरिकेत शिसेयुक्त रंगावर 1978 मध्येच बंदी आली, त्यामुळे राज्याने भाड्याच्या घरांना लावलेली तपासणी हा पैसे उकळण्याचा प्रकार आहे, जुना रंग असलाच तर वरून नवा हात मारला की भागते, मूल खेळते-खाते असेल तर रक्त तपासायला नको, आणि पाणी उकळून प्यायले म्हणजे काळजी मिटली. यातले पहिले विधान खरे आहे आणि त्याच्याच जोरावर बाकीची खपतात, म्हणून उत्तर सविस्तर देणे भाग आहे.

1978 ची बंदी नव्या घरगुती रंगाच्या विक्रीवर होती. भिंतीवर, दारावर, खिडकीवर आधीच बसलेला रंग काढावा असे तिने कोणालाही सांगितले नाही. 1992 च्या केंद्रीय कायद्यानेही घरमालकावर मुख्यतः एवढेच बंधन घातले, की 1978 पूर्वीचे घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याने स्वतःला असलेली माहिती सांगावी आणि एक माहितीपत्रक द्यावे. तपासणी करून घेण्याची सक्ती त्यात नाही. आपल्याला काही ठाऊक नाही, असे लिहून दिले तरी कायद्याची पूर्तता होते. ही फट बुजवण्याचे काम राज्यांच्या कायद्यांनी केले आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1971 पासून कायदा आहे आणि आज तिथे 1978 पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालील मूल राहत असेल तर शिशाचा धोका दूर करणे मालकाला बंधनकारक आहे. मूल आहे म्हणून घर नाकारणेही बेकायदा आहे. मेरीलँडने 1994 मध्ये कायदा केला तो 1950 पूर्वीच्या भाड्याच्या घरांसाठी, आणि 2015 पासून तो 1978 पूर्वीच्या घरांना लागू झाला. न्यू जर्सीचा कायदा 2021 चा असून जुलै 2022 पासून अमलात आहे. त्यानुसार 1978 पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची पहिली तपासणी 22 जुलै 2024 पर्यंत किंवा त्याआधी भाडेकरू बदलला तर त्या वेळी व्हायला हवी होती. त्यानंतर ती दर तीन वर्षांनी किंवा भाडेकरू बदलताना करायची असते.

आता पैशांविषयी. तपासणीचा खर्च मालकाचा असतो. प्रत्येक घरामागे जे 20 डॉलर जास्तीचे घेतले जातात, ते शिसे काढण्यासाठी मदत देणाऱ्या राज्याच्या निधीत जमा होतात. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला 30 दिवसांची मुदत मिळते आणि त्यानंतर आठवड्याला 1,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. माझी तक्रार उलट आहे. ज्या गावांत बाधित मुलांचे प्रमाण कमी नोंदले गेले आहे, तिथे हा कायदा नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी पुरेशी मानतो, आणि शिशाची धूळ डोळ्यांना दिसत नाही.

ती का दिसत नाही, हे मी स्वतःच्या घरात पाहिले आहे. आमचे भाड्याचे घर शंभर वर्षांपूर्वीचे होते, पण खिडक्या नुकत्याच पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या होत्या. तपासनीसाने खिडकीखालच्या फळीवर टेपने चौकोन आखला, ओल्या कापडाने तो नागमोडी पुसला, कापडाची घडी घालून पुन्हा आडवा पुसला आणि कापड नळीत बंद केले. प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा शिसे मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कारण साधे होते: खिडकीचे तावदान वर-खाली सरकताना चौकटीला घासते, नवा थर तिथे टिकत नाही आणि खालच्या जुन्या रंगाचा भुगा नेमका त्या फळीवर साचतो, जिथे उभे राहून आमची दीड वर्षांची मुलगी रस्त्यावरच्या गाड्या बघत असे. घासल्या न जाणाऱ्या भिंतीवर शिसे झाकणारा खास लेप चालतो. खिडकीला आणि दाराला तो उपाय पुरत नाही. जुना रंग कोरडा घासून मग नवा देणे तर सर्वांत घातक आहे, कारण त्याने सगळ्या घरात धूळ पसरते. म्हणूनच 2010 पासून अशा घरात मोबदला घेऊन डागडुजी करणाऱ्याला प्रमाणपत्र लागते.

मूल ठणठणीत दिसते, हा मुद्दा आईवडिलांच्या मनाला पटकन पटतो, आणि त्यामुळेच तो धोक्याचा आहे. थोड्या प्रमाणातल्या शिशाने ताप येत नाही की पोट दुखत नाही. परिणाम होतो तो बुद्धीवर, एकाग्रतेवर आणि वागण्यावर, आणि तो शाळेत जाईपर्यंत लक्षात येत नाही. लहान मुलाच्या शरीरात पोटात गेलेले शिसे मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शोषले जाते. न्यू जर्सीत 12 आणि 24 महिन्यांच्या वयात रक्ततपासणी करण्याचा नियम त्यासाठीच आहे. रक्तातले शिसे किती असले की लक्ष द्यायचे, ती पातळी 2021 मध्ये डेसिलिटरला 5 वरून 3.5 मायक्रोग्रॅमवर आणली गेली, म्हणजे जुना अहवाल ‘ठीक’ असला तरी आकडा पुन्हा पाहावा.

उकळल्याने पाण्यातले शिसे जात नाही. पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते.

घरांचा कायदा जिथे पोहोचत नाही अशी एक जागा आपल्या देवघरात आहे. मारुतीला लावायचा पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये न्यू जर्सीतल्या दुकानांतून 95 आणि मुंबई-दिल्लीतून 23 सिंदूरांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे 80 टक्के नमुन्यांत शिसे आढळले. त्यामुळे घर निर्दोष ठरूनही मुलाच्या रक्तात शिसे निघाले, तर तपासनीसाला ही डबी जरूर दाखवावी.

तक्रार केली तर मालक घर रिकामे करायला लावेल, ही भीती त्या संदेशाखाली अनेकांनी लिहिली आहे. न्यू जर्सीत प्रामाणिकपणे केलेल्या तक्रारीचा सूड म्हणून भाडेकरूला काढता येत नाही. ज्या घराला शिशापासून सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र मिळाले असेल, त्याची प्रत भाडेकराराला जोडणे मालकाचे कर्तव्य आहे. सही करण्यापूर्वी ती मागावी, आणि मिळाली नाही तर नगरपालिकेच्या कार्यालयात त्या पत्त्याच्या तपासणीची चौकशी करावी.